बदलीचा हुकूम आणि शाळेचा दाखला : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागातून या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं फौजी घरांतली आहेत. पोस्टिंग येते, सामान बांधायला दोन-तीन आठवडे मिळतात आणि मुलांच्या शाळेचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. पत्रं थोडी आवरून छापली आहेत.

प्रश्न : मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. पठाणकोटहून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पोस्टिंग आली आहे, ऑगस्टमध्ये हजर व्हायचं आहे. मुलगी तिथल्या केंद्रीय विद्यालयात सहावीत, मुलगा खासगी शाळेत तिसरीत आहे. दोघांना बेळगावच्या केव्हीत प्रवेश मिळेल का?

उत्तर : ताई, घर एक असलं तरी दोन्ही मुलांचे नियम वेगळे आहेत.

मुलीचं काम सोपं. तिच्याकडे केव्हीची टीसी (शाळा बदलल्याचा दाखला) असणार. वडिलांच्या बदलीमुळे आलेल्या केव्हीच्या मुलाला दुसऱ्या केव्हीत वर्षाच्या मध्येही घेतात, नव्यानं नंबर लावावा लागत नाही. वर्गाचा पट ठरलेल्या मर्यादेत असेल तर प्राचार्य आपल्या अधिकारात प्रवेश देतात. पट वर गेला असेल तर बेंगळुरूच्या विभागीय कार्यालयाची परवानगी लागते आणि त्यात दिवस जातात. बेळगावात कॅन्टोन्मेंट भागात एकाहून जास्त केव्ही आहेत. म्हणून पठाणकोट सोडण्याआधीच फोन करून सहावीचा पट कुठे कमी आहे ते विचारून घ्या. नाहीतर 'तिकडे जा, इकडे या' यात आठवडा सहज जातो.

सोबत पोस्टिंग ऑर्डरची प्रत, मूव्हमेंट ऑर्डर, इथल्या युनिटमध्ये हजर झाल्याचं पत्र आणि चालू वर्षाचं प्रगतिपुस्तक ठेवा. फी आणि महिना ५०० रुपयांचा विद्यालय विकास निधी कुठल्या महिन्यापर्यंत भरला, त्याची पावतीही जपा. टीसीवर 'थकबाकी नाही' असं लिहिलेलं असलं तरी ही पावती मागितली जाते.

मुलाला मात्र नव्यानं अर्ज करावा लागेल. दुसरीपासून पुढच्या वर्गांत केव्हीबाहेरच्या मुलाला रिकामी जागा असेल तरच घेतात, आणि त्या जागा साधारण एप्रिलमध्येच भरतात. ऑगस्टमध्ये जागा असेलच असं नाही. जागा निघाली तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं पहिल्या प्राधान्यात येतात, फौजी त्यातच. पण त्या गटातही क्रम लागतो तो गेल्या ७ वर्षांत किती बदल्या झाल्या यावर. इथे बरीच घरं चुकतात. बदली म्हणून तीच मोजतात जिथे किमान ६ महिने मुक्काम झाला आणि दोन ठिकाणांत किमान २० किलोमीटर अंतर आहे. दोन महिन्यांची अटॅचमेंट किंवा कोर्स त्यात धरत नाहीत. युनिटचा क्लार्क घाईत सगळे कोर्सही यादीत घालतो, शाळेत ते कापले जातात आणि मग वाद होतो. सर्व्हिस सर्टिफिकेटवर प्रत्येक ठिकाणची 'पासून–पर्यंत' तारीख आणि अधिकाऱ्याच्या नावाचा शिक्का आहे ना, हे तुम्ही स्वतः वाचून पाहा.

केव्हीत जागा निघेपर्यंत मुलाला जवळच्या शाळेत घाला, घरी बसवू नका. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करता येतो. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या : खासदारांच्या शिफारशीवर केव्हीत मिळणारा कोटा २०२२ मध्ये बंद झाला. त्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : मध्य प्रदेशातल्या शाळेनं सातवीच्या मुलाचा दाखला दिला. खानापूर तालुक्यातली शाळा म्हणते, त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही नाही, ती आणा. आम्ही इथे आलो, सामान आलं. आता परत कोण जाणार?

उत्तर : परत जाण्याची गरज नाही. मुलगा सातवीत आहे म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात बसतो. २००९ च्या त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की दाखला उशिरा आला हे प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. खरं तर दाखला ताबडतोब देणं हे आधीच्या मुख्याध्यापकाचं काम आहे, आणि टाळाटाळ केली तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मात्र या कलमाचा आधार सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता. केंद्रीय विद्यालयं आणि विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. तुमच्या मुलाची शाळा कुठल्या प्रकारची, ते आधी बघून घ्या.

शाळेत भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. 'सही तीस दिवसांत आणून देतो, तोवर तात्पुरता प्रवेश द्यावा' एवढा मजकूर पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नाही म्हणाले तर तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात तीच प्रत द्या. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर बेळगावकडे येतं. निपाणी, अथणी, गोकाक, रायबाग चिकोडीकडे. चुकीच्या डीडीपीआयकडे (शिक्षण उपसंचालकांकडे) दिलेला अर्ज फिरत फिरत परत येतो.

सहीसाठी मूळ दाखला, पोस्टिंग ऑर्डरची प्रत आणि स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा एकत्र करून जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्पीड पोस्टानं पाठवा. शिपाई तो तिथल्या शिक्षण कार्यालयात नेऊन आणतो. पाठवण्याआधी दाखल्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. टपालात मूळ दाखला हरवला तर दुप्रत मिळते, पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

हे सगळं टाळायचं असेल तर पुढच्या बदलीला जुन्या शाळेच्या काउंटरवरच दाखला हातात घेऊन वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शिकत असलेला वर्ग, पुढच्या वर्गात बढती झाली की नाही, हजेरीचे दिवस, माध्यम, शिकलेल्या भाषा, यूडायस कोड (शाळेचा देशपातळीवरचा क्रमांक), मुलाचा पेन नंबर (त्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक). खाडाखोड असेल तर तिथेच नवा लिहून घ्या. राज्य बदलत असेल किंवा बोर्ड बदलत असेल तर अधिकाऱ्याची सही घेऊनच गाव सोडा. एका सीबीएसई शाळेतून दुसऱ्या सीबीएसई शाळेत जाताना ती सहसा लागत नाही.

कागदाइतकीच महत्त्वाची असते संगणकातली नोंद, आणि ती घरच्यांना दिसत नाही. यूडायसच्या पोर्टलवर जुनी शाळा जोवर मुलाला 'शाळा सोडली' असं दाखवत नाही, तोवर नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढून घेऊ शकत नाही. मग मूल वर्गात बसतं, पण नोंदीत अजून जबलपूरलाच असतं. नवी शाळा पोर्टलवरून जुन्या शाळेला सोडण्याची विनंती पाठवू शकते. तुम्ही जुन्या शाळेतल्या संगणक पाहणाऱ्या बाईंचा किंवा सरांचा नंबर आधीच घेऊन ठेवा, त्या एका फोननं हे काम होतं. कर्नाटकात याशिवाय सॅट्सचा, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-नोंदीचा, नंबर असतो. मूल पूर्वी बेळगावात शिकून बाहेर गेलं असेल आणि परत येत असेल तर जुना सॅट्स नंबर शोधून द्या. शाळेनं नवा काढला तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी ते निस्तरावं लागतं.

प्रश्न : मुलीचा जन्म ऑक्टोबर २०१९ चा. गडहिंग्लजला जून २०२५ मध्ये पहिलीत घातली. आता बेळगावात आलो तर केव्हीवाले म्हणतात, दुसरीत वय बसत नाही. एक वर्ष वाया जाणार का?

उत्तर : केव्हीत घातलंत तर वर्ष जाणार, हे खरं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत, केव्हीत ३१ मार्चला. तुमची मुलगी ३१ मार्च २०२६ ला साडेसहाच्या आतच आहे, म्हणजे केव्हीच्या हिशेबानं पहिलीची. दुसरीला तिथे ७ पूर्ण लागतात. वयाचा हा तक्ता प्राचार्यांच्या हातात नाही, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. राज्याच्या शाळेत दाखल्यावरचा वर्ग पाहून पुढच्या वर्गात घेतात, पण प्रवेशाआधी मुख्याध्यापकांकडून तेवढं नक्की करून घ्या. आमचं मत विचाराल तर पहिली पुन्हा केली म्हणून काही बिघडत नाही. मुलगी वर्गात सगळ्यात लहान राहण्यापेक्षा बरोबरीची राहिली तर दहावीपर्यंत तिचंच भलं होतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात महाराष्ट्र बोर्डाच्या मराठी माध्यमात नववी पास झाला. माझी बदली बेळगावला, एअर फोर्स स्टेशन सांबऱ्याला झाली. त्याला इथे दहावीला कुठे घालू? एसएसएलसी की सीबीएसई? नातेवाईक दोन्ही सांगतात.

उत्तर : शक्य असेल तर दोन्ही नको. दहावीला बोर्ड बदलू नका. हे आम्ही सगळ्यांना एकाच ठामपणानं सांगतो आणि त्याचं कारण भाषा.

एसएसएलसी म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, तिचे गुण ६२५. पहिल्या भाषेला १२५, बाकी पाच विषय प्रत्येकी १००. पहिली भाषा मराठी घेता येते, बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत, इथवर ठीक. पण बाकीच्या भाषांत कन्नड येतं, आणि तुमच्या मुलानं कन्नड अक्षर पाहिलेलं नाही. इथली मुलं ते लहानपणापासून शिकत येतात. त्याला दहा महिन्यांत लिपी, व्याकरण आणि निबंध एवढं उचलावं लागेल, तेही गणित-विज्ञान सांभाळून. २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, पहिल्या परीक्षेत राहिला तर दुसरी आहे, हा दिलासा खरा. तरी एका भाषेसाठी वर्षभर घर टांगणीला लावण्यात शहाणपण नाही.

सीबीएसईचा दरवाजा फौजी मुलांसाठी उघडा असतो, पण अर्धाच. दुसऱ्या बोर्डाची नववी पास झालेल्या मुलाला पालकाची बदली झाली असेल तर दहावीत घेता येतं. त्यासाठी अधिकाऱ्याची सही असलेला दाखला, गुणपत्रक, बदलीचा हुकूम आणि राहण्याचा पुरावा लागतो, आणि शाळेमार्फत बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. ऑगस्टच्या आसपास शाळा परीक्षार्थींची यादी बोर्डाला पाठवतात, त्यानंतर काही करता येत नाही. म्हणजे एप्रिल–जूनमध्येच धावपळ. आणि मराठी माध्यमाचा मुलगा एकदम इंग्रजीत विज्ञान लिहायला बसवणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं.

तेव्हा सुचवतो ते असं : एक वर्ष त्याला पुण्यातच, किंवा घरचं कुणी असेल तर चंदगड-गडहिंग्लजकडे ठेवा. महाराष्ट्र बोर्डाची शाळा बेळगावपासून फार लांब नाही. शिनोळीची वेस ओलांडली की चंदगड तालुका आणि महाराष्ट्र सुरू होतो. सांबरा मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथून रोज ये-जा करायला लावू नका. नातेवाइकांकडे किंवा शाळेच्या वसतिगृहात ठेवा. वसतिगृह घरापासून ५० किलोमीटरहून लांब असेल तर हॉस्टेल सबसिडीही मिळते, त्याबद्दल पुढे आहे.

मुलगा आधीपासून सीबीएसईत असता तर उत्तर निराळं असतं. तेव्हा जुन्या शाळेकडून अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकीचे गुण आणि हजेरी बंद लिफाफ्यात मागा, आणि नववीत घेतलेले विषय इथे आहेत ना, एवढं पाहा. सगळ्यात जास्त अडकतं ते भाषेवर. पुण्याच्या एखाद्या सीबीएसई शाळेत मराठी हा विषय असतो, कोड ००९. इथल्या शाळेत तो शिकवणारं कुणी नसेल तर दहावीत भाषा बदलण्याची परवानगी मागावी लागते. केव्हीत मराठी नियमित विषय म्हणून मिळेल असं धरून चालू नका.

प्रश्न : नवऱ्याला फील्ड पोस्टिंग आली. मी दोन मुलींना घेऊन बेळगावला राहायचं म्हणते. वडीलच नाहीत इथे, मग केव्ही कसं मिळणार? आणि मुलींना कन्नड येत नाही.

उत्तर : वडील इथे नसले तरी मिळतं. जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी जवानाची बदली झाली की तो घरच्यांना ज्या गावी ठेवतो, तिथल्या केव्हीत मुलांना टीसीवर प्रवेश घेता येतो. युनिटकडून 'सदर ठिकाण नॉन-फॅमिली आहे आणि कुटुंब बेळगावला राहणार आहे' असं पत्र घ्या. त्यात बेळगावचं नाव हवंच. नुसतं 'नॉन-फॅमिली' लिहिलं तर प्राचार्य परत पाठवतात. सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळालं असेल तर त्याचं वाटपपत्र जोडा, भाड्यानं राहत असाल तर करारनामा.

कन्नडबद्दल : राज्याच्या २०१५ च्या कायद्यानं इथल्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक केलं आणि २०१७-१८ पासून ते पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं चढत गेलं. त्यामुळे खासगी सीबीएसई शाळा निवडलीत तरी कन्नड चुकणार नाही. प्रवेशाच्या वेळी विचारा की ते दुसरी भाषा म्हणून आहे की तिसरी, आणि बाहेरून आलेल्या मुलांसाठी वेगळी तासिका आहे का.

मराठी मुलाला ही लिपी वाटते तितकी कठीण नसते. क ख ग घ हाच क्रम, काना-मात्रेचीही तीच कल्पना. दोन ठिकाणी अडतं. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन असतात, आपल्याकडे तो फरक नाही. म्हणून ऐकून लिहिताना मुलं चुकतात. दुसरं जोडाक्षर : दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्याला ओत्तू म्हणतात, आणि काही अक्षरांचं ओत्तू मूळ अक्षरासारखं दिसतच नाही. 'त'चं आणि 'र'चं आधी पाठ करून घ्या. पहिल्या महिन्यात पुस्तक बाजूला ठेवा. रोज वीस मिनिटं दुकानांच्या पाट्या आणि बसच्या पाट्या वाचायला लावा. बेळगावात एकच नाव कन्नड, मराठी आणि इंग्रजीत वाचायला मिळतं, त्याहून चांगलं अंकलिपीचं पुस्तक नाही.

प्रश्न : आधारवर 'ज्ञानेश्वर' एका तऱ्हेनं, शाळेत दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं आहे. जन्मतारीखही दोन दिवसांनी चुकली आहे. आता काय करावं?

उत्तर : सीमाभागातलं हे हमखास दुखणं. महाराष्ट्रात हे नाव इंग्रजीत 'डी-एन-वाय'नं सुरू होतं, कर्नाटकात 'जे-एन'नं, कारण कन्नड लिपीत 'ज्ञ' म्हणजे ज आणि ञ. एका पोराची दोन नावं तयार होतात. चव्हाण, शिंदे, देसाई या आडनावांचंही तेच. शिवाय महाराष्ट्रात आडनाव शेवटी, इथल्या काही नोंदींत आधी.

फौजी घरात यात आणखी एक कागद असतो, पार्ट टू ऑर्डर. मुलाचा जन्म युनिटनं रेकॉर्ड ऑफिसला कळवला तेव्हा जे लिहिलं, ते तिथे कायम. क्लेम, डिपेंडंट कार्ड, पुढे सैनिक कोट्याचं प्रमाणपत्र, सगळं त्यावरून निघतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला दुरुस्त करा, त्यावरून पार्ट टू ऑर्डर, मग आधार, मग शाळा. उलट्या क्रमानं गेलात तर प्रत्येक जण आधीचा कागद मागत बसेल. आधारवर जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, नाव दोनदा. तेव्हा आधार केंद्रावर जाताना जन्मदाखला अंतिम झालेला असू द्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा. हे सगळं नववीच्या आत उरका. नववीत बोर्डाकडे नोंदणी झाली की दुरुस्ती बोर्डाच्या दारात जाते.

प्रश्न : बेळगावची मिलिटरी स्कूल आणि सैनिक स्कूल एकच का? मराठी माध्यमाच्या पाचवीतल्या मुलानं कुठली परीक्षा द्यावी?

उत्तर : एकच नाहीत. बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ ची, देशात अशा पाच आहेत. तिथल्या जागांचा मोठा हिस्सा जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) मुलांसाठी राखीव असतो, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. सैनिक स्कूल म्हणजे कर्नाटकात विजयपूर आणि कोडगू, महाराष्ट्रात सातारा आणि चंद्रपूर वगैरे. त्यांची अखिल भारतीय परीक्षा एकच, साधारण जानेवारीत. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२, नववीसाठी १३ ते १५.

मराठी माध्यमाच्या मुलासाठी सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा सोयीची, कारण पेपर मराठीतही मिळतो. ३०० गुणांपैकी १५० एकट्या गणिताचे, बाकी बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी ५०. म्हणजे तयारीचा निम्मा वेळ गणितालाच. नववीचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. राखीव प्रवर्गांच्या जागा वगळून उरलेल्यांत २५ टक्के फौजी आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी असतात. ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना, म्हणून फॉर्मवर रहिवास कुठला लिहिता यावर बरंच अवलंबून. खानापूरच्या मुलाचा रहिवास कर्नाटक, मग सातारा त्याला बाहेरच्या राज्याच्या यादीतून मिळवावं लागेल. मुलीसाठी कित्तूरची राणी चन्नम्मा सैनिक शाळा आहे, तिची परीक्षा पुन्हा निराळी.

प्रश्न : मुलांच्या शिक्षणभत्त्याचा आकडा आता काय आहे?

उत्तर : जानेवारी २०२४ पासून एका मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, हॉस्टेल सबसिडी ८,४३७ रुपये ५० पैसे. दिव्यांग मुलासाठी भत्ता दुप्पट. पहिल्या दोन हयात मुलांना, आर्थिक वर्ष संपल्यावर एकदा. शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं. वर्षाच्या मध्ये बदली झाली तर दोन्ही शाळांची लागतात, म्हणून जुन्या शाळेचं दाखल्याबरोबरच घ्या.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. चौथीपर्यंत बेळगाव, मग राजस्थान, आसाम, आता पुन्हा बेळगाव. गाव खानापूर तालुक्यात. इंजिनिअरिंगला कर्नाटकातून प्रयत्न करू की महाराष्ट्रातून?

उत्तर : दोन्हीकडून करा, पण कागद आत्तापासून जमवा.

कर्नाटकात सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) जागांसाठी पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं राज्यात शिकलेला असणं, ही मुख्य अट. तुमच्या मुलाची चार अधिक अकरावी-बारावीची दोन, बेरीज सहा. एक वर्ष कमी. फौजींच्या मुलांसाठी वेगळी कलमं आहेत, त्यात वडिलांचं नोंदलेलं मूळ गाव कर्नाटकात असणं महत्त्वाचं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये खानापूरचं गाव आहे की भरतीच्या वेळचा दुसराच पत्ता, हे रेकॉर्ड ऑफिसला लिहून विचारा. काही जण कोल्हापूरच्या भरतीला गेले तेव्हा नातेवाइकांचा पत्ता दिला, तोच आज आड येतो.

महाराष्ट्रात तुमच्यासाठी खास मार्ग आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांत राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा प्रकार आहे, त्याला 'ई' प्रकार म्हणतात. गाव त्या यादीत असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. दहावी-बारावी कुठून झाली, हेही त्यात पाहतात. मुलाची दहावी बाहेर झाली असेल तर त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतली ओळ शब्दशः वाचा. शिवाय संरक्षण दलाच्या जागा तीन गटांत : महाराष्ट्राचा रहिवासी माजी सैनिक, महाराष्ट्राचा रहिवासी सेवेतला सैनिक, आणि महाराष्ट्राचा नसला तरी तिथे बदलीवर आलेला. खानापूरचा जवान पहिल्या दोन्हींत बसत नाही. वडिलांची पोस्टिंग अर्जाच्या वेळी पुणे, नाशिक किंवा नगरला असेल तर तिसऱ्यात बसतो.

आणि एक काम याच आठवड्यात. चौथीपर्यंत मुलगा ज्या शाळेत होता तिथे जाऊन चारही वर्षांचं अभ्यास प्रमाणपत्र काढा आणि त्यावर बीईओची सही घ्या. सीईटीच्या कागदपत्र तपासणीत ते मागतात, आणि जूनमध्ये बीईओ ऑफिसासमोर पूर्ण तालुक्याची रांग असते.